ग्रॅव्हल बाईकवर मनगटं भरून येतात, सवय होईल म्हणून थांबू का?

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणाऱ्या ताई ४१ वर्षांच्या, वजन ५८ किलो. चार वर्षं रोड बाईक चालवल्यावर आठ महिन्यांपूर्वी त्यांनी ग्रॅव्हल बाईक घेतली, म्हणजे रोड बाईकसारखीच पण कच्च्या रस्त्यासाठी रुंद टायरची, टायर ४० मिलिमीटरचे, ट्यूबलेस, म्हणजे आत ट्यूब नसलेले. डांबरी रस्त्यावर काही त्रास नाही. खडीच्या, कच्च्या रस्त्यावर मात्र तासाभरात मनगटं दुखायला लागतात, उजवं जास्त, करंगळीच्या बाजूने, आणि मग करंगळी आणि शेजारच्या बोटाला मुंग्या येतात. घरी आल्यावर बाटलीचं झाकण उघडत नाही, मुंग्या कधीकधी झोपेपर्यंत राहतात. टायरमध्ये हवा ६० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप), "रोड बाईकला ८५ भरायचे, त्यामानाने कमीच आहे." जाड जेलचे ग्लोव्हज घेऊन झाले, मनगटाला पट्टा बांधून झाला, मनगट मजबूत व्हावं म्हणून रोज रबरी बॉल दाबणं चालू आहे. ग्रुपमधले म्हणतात सवय होईल. सात आठवड्यांनी १०० किलोमीटरची राइड आहे, नाव नोंदवलंय. प्रश्न असा की सस्पेन्शन स्टेम (हँडल सायकलला जोडणारा, धक्के खाणारा तुकडा) घ्यावा की ही बाईक विकून सरळ माउंटन बाईक घ्यावी. आणि पत्राच्या अगदी शेवटी एक ओळ: "सीट टोचायची म्हणून तिचं टोक थोडं खाली केलंय, ते आता ठीक आहे."

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या शेवटच्या ओळीपाशी थांबले. तिच्याकडे येते, पण त्याआधी तुमच्या हाताबद्दल बोलू, कारण ते सगळ्यात तातडीचं आहे.

डाव्या अंगठ्याने उजव्या तळहाताचा करंगळीकडचा बुंधा दाबून बघा, मनगटाच्या रेषेच्या जरासं वर. एक वाटाण्याएवढं टणक हाड लागेल. त्याच्या अगदी शेजारून एक मज्जातंतू जातो, अल्नर नर्व्ह, आणि तिथे त्याच्यावर मांसाचं फारसं पांघरूण नाही. करंगळी आणि अनामिकेच्या अर्ध्या भागाची संवेदना हाच तंतू सांभाळतो, आणि हाताच्या आतल्या बऱ्याचशा बारीक स्नायूंनाही तोच चालवतो. हुडवर, म्हणजे ब्रेकच्या लिव्हरच्या रबरी बुंध्यावर, हात टेकवून तुम्ही जेव्हा खडीवरून जाता तेव्हा तुमच्या वरच्या अंगाचं वजन नेमकं या जागेवर येतं, आणि वर प्रत्येक दगडाचा ठोका. हे सायकलवाल्यांमध्ये इतकं नेहमीचं आहे की डॉक्टर लोकांत त्याला सायकलवाल्यांचा लकवा अशा अर्थाचं नावच आहे.

म्हणून "सवय होईल" हे मला मान्य नाही. बुडाला सवय होते, मांड्यांना होते, तळहाताच्या कातडीला होते. मज्जातंतूला दाबाची सवय होत नाही, तो फक्त जास्त जास्त चिडत जातो, आधी मुंग्या, मग बधीरपणा, मग ताकद कमी. तुमचं झाकण न उघडणं हे नुसतं थकल्यामुळे असेल किंवा ताकदीच्या पायरीची सुरुवात असेल, पत्रावरून मला ते सांगता येणार नाही, पण एक साधी तपासणी घरी होते. एक कागद अंगठा आणि तर्जनीच्या कडेच्या मध्ये धरा, किल्ली धरतो तसा, अंगठा सरळ ठेवून, आणि घरातल्या कुणाला तरी तो ओढायला सांगा, आधी डाव्या हाताने, मग उजव्या. उजव्या हातातून कागद सहज निसटत असेल किंवा तो धरून ठेवायला अंगठ्याचं वरचं पेर टचकन वाकत असेल, तर खालचं सगळं बाजूला ठेवा आणि आधी हाताच्या डॉक्टरांना दाखवा. मुंग्या दुसऱ्या दिवशी सकाळीही असतील, किंवा अंगठा आणि तर्जनीमधला मांसल भाग डाव्यापेक्षा बसलेला दिसत असेल, तरीही तेच. यात थांबून बघण्यात काही फायदा नाही.

हे वाचणाऱ्या इतरांसाठीही एक सांगते, कारण मनगट दुखणं म्हणजे सगळ्यांचं एकच दुखणं नसतं. मुंग्या अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला असतील आणि रात्री झोपेतून उठवत असतील तर तो दुसरा तंतू, कार्पल टनेलवाला. दुखणं अंगठ्याच्या बुंध्याशी असेल आणि अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीकडे वाकवलं की कळ येत असेल तर ते बहुतेक अंगठ्याच्या शिरांचं, सतत ब्रेक-गिअर दाबूनही होतं. आणि सायकलवरून पडून हात टेकला असेल आणि अंगठा ताणल्यावर त्याच्या बुंध्याशी जी खोलगट जागा दिसते तिथे दाबून दुखत असेल तर एक्स-रे काढाच, तिथलं छोटं हाड मोडलेलं पहिल्या एक्स-रेमध्ये कधीकधी दिसत पण नाही, त्यामुळे दुखणं राहिलं तर पुन्हा दाखवायचं, "एक्स-रे नॉर्मल होता ना" म्हणून सोडून द्यायचं नाही.

आता ती शेवटची ओळ. सीटचं टोक खाली.

तुम्ही असं धरून चाललाय की मनगट कमजोर आहे म्हणून दुखतंय, म्हणून बॉल, म्हणून पट्टा. मला वाटतं तुमची मनगटं ठीक आहेत, त्यांच्यावर त्यांचं नसलेलं काम येऊन पडलंय. सीट पुढे उतरती असली की प्रत्येक पेडलबरोबर तुम्ही किंचित पुढे घसरता आणि हातांनी स्वतःला मागे ढकलता. डांबरी रस्त्यावर हे कळतही नाही. खडीवर दर सेकंदाला धक्का, दर धक्क्याला घसरणं, दर घसरण्याला हाताचा रेटा, असं तासभर. सस्पेन्शन स्टेम लावला तरी तुम्ही त्याच्यावर हा सगळा भार टाकूनच बसणार.

मोबाईलमध्ये लेव्हल बघायचं ॲप असतं, सायकल सपाट जागी उभी करून एक सपाट पुस्तक सीटवर लांबीच्या दिशेने ठेवा आणि त्यावर फोन. शून्य किंवा फार तर एक-दोन अंश खाली, एवढंच. तुमची पाच-सहा निघाली तर मला आश्चर्य वाटणार नाही. पण नुसती सपाट करून भागणार नाही, कारण तुम्ही ती खाली केली ती टोचत होती म्हणून, आणि ते टोचणं परत येईल. टोचण्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे सीट उंच असणं. पेडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच ठेवली तर पाय जेमतेम सरळ व्हायला हवा, कंबर एका बाजूला कलायला लागत असेल तर सीट उंच आहे, पाच मिलिमीटर खाली घ्या आणि बघा. उंची बरोबर असूनही टोचत असेल तर ती सीट तुमच्या हाडांच्या रुंदीची नाही, आणि मग पैसे खर्च करायचेच तर पहिले तिथे करा, स्टेमवर नाही. हे थोडं उलटं वाटेल की मनगटासाठी सीट बदला, पण बूड नीट टेकलं तरच हात सुटतात.

सीट मागे-पुढेही बघा. फार पुढे असली तरी वजन हातावर येतं. सायकल ट्रेनरवर (घरात जागीच पेडल मारायचा स्टँड) लावून, नेहमीच्या जोरात पेडल मारताना हुडवरचे दोन्ही हात इंचभर वर उचलून बघा. दोन-तीन सेकंद तोल राहिला तर ठीक, लगेच पुढे कोसळल्यासारखं झालं तर सीट पाच मिलिमीटर मागे घ्या आणि परत बघा. ट्रेनर नसेल तर सपाट, रिकाम्या, डांबरी रस्त्यावर एक-एक हात. सीट सपाट आणि मागे झाली की हँडल लांब वाटायला लागेल, तेव्हा स्टेम १० मिलिमीटर आखूड किंवा त्याच्या खाली एखादा स्पेसर, म्हणजे कडी, वाढवून हँडल वर, हे करता येतं. फोर्कची नळी कार्बनची असेल तर स्टेमचे बोल्ट अंदाजाने आवळू नका, स्टेमवर छापलेल्या आकड्याइतकेच, टॉर्क रेंचने, म्हणजे किती जोराने आवळलं ते दाखवणाऱ्या पान्याने.

आणि हवा. साठ!

ताई, हे वाचून मी खरंच हळहळले, कारण मी पण हेच केलंय. माझी पहिली ग्रॅव्हल बाईक मी ५५ पीएसआयवर कितीतरी महिने चालवली, टायर दगडासारखा कडक लागला की बरं वाटायचं, वाटायचं आता पळणार. एका सकाळी सुरुवातीलाच बरोबरच्या एका अनुभवी मैत्रिणीने माझ्या पुढच्या टायरला अंगठा लावला, काही न बोलता खाली बसली, व्हॉल्व्हची टोपी काढली आणि नखाने दाबून धरलं, फुस्स करून किती वेळ हवा जात होती, मी ओरडतेय की बस बस. मग अंगठ्याने टायर जरासा दबला तेव्हा थांबली. त्या दिवशी नेहमीच्याच रस्त्याला पहिल्यांदा माझे दात वाजले नाहीत, आणि वेळ लागला तोही आधीपेक्षा कमी.

ते कमी का लागला हे समजून घ्या, कारण जास्त हवा म्हणजे जास्त वेग हा समज रोड बाईकवरून आपण सगळेच घेऊन येतो. गुळगुळीत पृष्ठभागावर ते काही अंशी खरं आहे. पण खडीवर कडक टायर दगड गिळत नाही, त्यावरून उडतो, आणि प्रत्येक वेळी सायकल आणि तुम्ही मिळून सगळं वजन जरासं वर उचललं जातं. पुढे जायला वापरायची ताकद वर-खाली होण्यात जाते आणि तो धक्का शेवटी तुमच्या अंगात जिरतो, म्हणजे मनगटात, कोपरात, मानेत. मऊ टायर दगडाभोवती दबतो आणि पुढे जातो. तुमच्या टायरमध्ये सस्पेन्शन आधीच आहे, ते तुम्ही ६० भरून बंद करून ठेवलंय.

तुमच्या वजनाला, ४० मिलिमीटर ट्यूबलेसला, पुढे २८ आणि मागे ३१ च्या आसपास सुरुवात करा. पुढे नेहमी दोन-तीन कमी, वजन मागे जास्त असतं आणि हाताला लागणारा धक्का पुढून येतो. टायरच्या कडेवर कमीत कमी आणि जास्तीत जास्त आकडे छापलेले असतील तर ते पाळा. मग ओळखीचा एक खराब किलोमीटर निवडा आणि तिथेच दोन-दोनने कमी करत तीन-चार फेऱ्या मारा. रिम दगडावर आपटल्याचा टण्ण आवाज आला किंवा वळणावर टायर खालून सरकल्यासारखा लवलवला की फार कमी झाली, दोन-तीन वाढवा, तो तुमचा आकडा, लिहून ठेवा. रस्त्यात धारदार मोठे दगड असतील तर त्यावर अजून थोडी. आत ट्यूब वापरणाऱ्यांनी इतकं खाली जाऊ नये, ट्यूब रिम आणि दगडामध्ये चिमटून पंक्चर होते, पाचेक पीएसआय जास्त ठेवा. आणि हवा मोजायला छोटा डिजिटल गेज घ्या, फ्लोअर पंपाचा काटा खालच्या आकड्यांना भरवशाचा नसतो.

हुड कसे बसवलेत तेही बघा, कुणालातरी बाजूने फोटो काढायला सांगा, हात हुडवर, कोपर किंचित वाकलेलं. हात आणि मनगट एका रेषेत दिसायला हवेत. हुड पुढे झुकलेले असतील तर मनगट करंगळीकडे मोडतं आणि दाब बरोबर त्या वाटाण्यापाशी येतो, तुमचं दुखणं त्याच बाजूला आहे म्हणून मी हे आवर्जून सांगतेय. हँडल थोडंसं वर फिरवून किंवा बार टेप (हँडलवर गुंडाळलेली पट्टी) सोडून हुड वर सरकवून हे सुधारतं. अजून एक, तुमचे हात लहान असतील तर ब्रेकचा लिव्हर हँडलच्या जवळ आणता येतो, बऱ्याच लिव्हरमध्ये त्यासाठी बारीक स्क्रू असतो आणि कित्येकांना तो असतो हेच माहीत नसतं. बोटं ताणून ब्रेक धरायला लागणं म्हणजे पूर्ण उतारभर हात आखडून ठेवणं.

ग्लोव्हजबद्दल थोडं वेगळं मत आहे माझं. जाड म्हणजे चांगले असं नाही. जेलची गादी नेमकी त्या तंतूवर आली तर ती उलट तिथेच दाबते, आणि फार जाड असली की हँडल धरायला मूठ जास्त आवळावी लागते. हातात घालून बघा, वाटाण्याच्या जागी उंचवटा येतोय का. येत असेल तर पातळ घ्या आणि जाडी बार टेपला द्या, तीन-साडेतीन मिलिमीटरची टेप, हात अगदीच लहान नसतील तर. मनगटाचा पट्टा सायकल चालवताना नको, मनगट आखडून धरलं की धक्का वाकून जिरायची जागाच राहत नाही. रात्री बांधायचा की नाही ते डॉक्टर किंवा फिजिओ सांगतील. आणि तो रबरी बॉल तूर्त ठेवून द्या, आधीच चिडलेल्या तंतूवर रोज शंभर वेळा मूठ दाबून काही भलं होणार नाही. त्या वेळात प्लँक करा, किंवा गुडघे-हात टेकून उलटा हात-पाय लांब करायचा तो व्यायाम, मुठीवर किंवा कोपरावर टेकून, तळहात टेकून नको. पोट-पाठ धरून ठेवते तेव्हा हातावर टेकावं लागत नाही.

चालवताना मात्र एक गोष्ट तुमच्या हातात आहे जी कुठल्याही पार्टने मिळत नाही. मूठ. खराब पट्टा आला की आपण भीतीने हँडल गच्च धरतो, आणि जितकं गच्च धराल तितकं कंपन हातातून वर चढतं. दर थोड्या वेळाने करंगळीपासून तर्जनीपर्यंत बोटं पेटीवर फिरतात तशी हलवून बघा, हलत नसतील तर तुम्ही आवळलंय. अंगठा मात्र खालून गुंडाळलेलाच ठेवा, हात उडू नये म्हणून. खराब भागात एक-दोन गिअर जड घ्या आणि बूड सीटवरून जरासं, कागद सरकेल इतकं उचला, पेडलवर जोर असला की वजन आपोआप पायात जातं, कोपरं बाहेर आणि वाकलेली, नजर चाकाजवळ नाही, पुढे. सायकल तुमच्या खाली नाचली तर नाचू द्या. उतारावर हात ड्रॉप्समध्ये, म्हणजे हँडलच्या खाली वळलेल्या भागात, हुडवरून ब्रेक धरायला बोटांना जास्त जोर लागतो आणि हात सटकायची भीती असते, ड्रॉप्समध्ये एका-दोन बोटांत काम होतं. ड्रॉप्स फार खोल वाटत असतील तर तो परत हँडल खाली असण्याचाच पुरावा, वर घ्या. आणि दर पाच-दहा मिनिटांनी हाताची जागा बदला, दुखायला लागायच्या आधी.

आता तुमचा मूळ प्रश्न, स्टेम की माउंटन बाईक. सस्पेन्शन स्टेम खोटी गोष्ट नाही, रेडशिफ्टच्या शॉकस्टॉपसारख्या स्टेममध्ये तुमच्या वजनाप्रमाणे रबरी तुकडे बदलता येतात आणि बारीक सतत येणारी थरथर ते चांगली खातात. मोठ्या दगडाचं ते फार काही करू शकत नाहीत, त्यांची हालचालच थोडी असते. ग्रॅव्हलसाठीचे सस्पेन्शन फोर्क ३०-४० मिलिमीटरचे मिळतात, ते अजून थोडं जास्त देतात, वजन आणि देखभाल वाढवून. पॅरिस-रुबे या दगडी फरसबंदीवरच्या शर्यतीत जिल्बेर द्युक्लो-लासाल याने १९९२ आणि १९९३ अशी दोन वर्षं सस्पेन्शन फोर्क लावून बाजी मारली होती, म्हणजे उपाय जुना आहे. पण आज त्याच शर्यतीत जवळजवळ सगळे भर देतात तो रुंद टायर आणि कमी हवेवर. तुमचा क्रमही तसाच ठेवा असं मी म्हणेन. सीट, हवा, हुड, मूठ, हे करून महिनाभराने त्रास निम्मा झाला आणि उरलेला नुसत्या थरथरीचा असेल तर स्टेम घ्या, तेव्हा तो पैसे वसूल करेल. फ्रेममध्ये जागा असेल तर त्याआधी ४५ चे टायर. माउंटन बाईकबद्दल एकच विचारते, तुमचे रस्ते कसे आहेत? तुम्ही डांबर आणि कच्चा रस्ता जोडून लांब जाता की मुळात दगड-मुळांच्या पायवाटाच जास्त? दुसरं असेल तर माउंटन बाईक घेण्यात काहीच हार नाही, ती त्या जागेसाठीच आहे. पण सीट उतरती ठेवून तिच्यावर बसलात तर मनगटं तिथेही दुखतील.

राइडचं. आजपासून दोन आठवडे खडी बंद, डांबरावर हळूहळू चालवा आणि याच दिवसांत सीट आणि हुडचं जमवा, एका वेळी एकच बदल आणि मध्ये निदान दोन राइड, नाहीतर कशाने फरक पडला हे कळणारच नाही. मुंग्या पूर्ण थांबल्या तरच तिसऱ्या आठवड्यात नव्या हवेवर अर्धा तास खडी, मग दर आठवड्याला थोडं वाढवत जा. पाचव्या आठवड्याच्या शेवटी अडीच तास खडीवर चालवून संध्याकाळी बोटं स्वच्छ असतील तर १०० ला जा. नसतील तर आयोजकांना विचारा छोटं अंतर आहे का, बहुतेक ठिकाणी असतं. आणि राइडच्या दिवशी मुंग्या सुरू झाल्या आणि दहा मिनिटं हात झटकून, जागा बदलून गेल्या नाहीत तर तिथून खडीवर पुढे जाऊ नका, अंतर कितीही राहिलेलं असो.

कागदाची तपासणी आज रात्रीच करा. ती ठीक आली तर उद्या सीट, आणि हात लावायच्या आधी सीटपोस्टवर आणि सीटच्या रेल्सवर चिकटपट्टीची खूण करून ठेवा, म्हणजे बदल नाही पटला तर जुन्या जागी परत येता येईल. महिन्याभराने कसं वाटतंय ते मला नक्की लिहा.